देवमाशांची फाइल उघडा

प्रति,
मा. अपर प्रधान मुख्य वनसंरक्षक,
कांदळवन कक्ष, महाराष्ट्र वन विभाग, मुंबई



हे पत्र छत्रपती संभाजीनगरच्या पुंडलिकनगरातून लिहितो आहे. इथून समुद्र गाठायचा तर दिवस मोडतो. आमच्याकडे पाण्याचा विषय निघाला की तो जायकवाडीपासून सुरू होतो आणि जलकुंभावरच्या टँकरपाशी संपतो. अशा ठिकाणच्या माणसाला देवमाशांची उठाठेव कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण नोव्हेंबर 2023 मध्ये गणपतीपुळ्याच्या वाळूत देवमाशाचं पिल्लू रुतलं, तेव्हा आमच्या गल्लीतही लोक मोबाइलवर तेच बघत होते. गावकरी, मच्छीमार, वनखात्याची माणसं त्याच्या अंगावर पाणी मारत, त्याला खोल पाण्यात ओढत दिवसरात्र राबली. पिल्लू वाचलं नाही. त्याचा दोष मी कुणाला देत नाही. अंगावर पिणारं पिल्लू आईपासून तुटलं की ते जगवणं कुठल्याच देशात सहसा जमत नाही.

माझं म्हणणं त्यापुढचं आहे. ते पिल्लू का भरकटलं? अंगावर जाळ्याचे वळ होते का, की बोटीच्या पंख्याचा घाव? बातमी शिळी झाली आणि माझ्यासारख्याला वाचता येईल असा कागद काही हाती लागला नाही. तो तुमच्या दप्तरी असेलही. असेल तर बाहेर काढा, एवढंच मागायला हे पत्र.

कागद दडून राहिला की काय होतं, याचा दाखला आपल्याच अरबी समुद्रात आहे. नोव्हेंबर 1966 मध्ये सोव्हिएत शिकारी ताफ्याने ओमान, पाकिस्तान आणि भारताच्या वायव्य किनाऱ्यासमोर दोनशेहून जास्त हंपबॅक देवमासे मारले. शिकार बेकायदा, त्यामुळे खरे आकडे दडपले गेले. मारलेल्या जनावरांची पोटं, गर्भाशयं मात्र तपासलेली होती. युरी मिखालेव यांनी ती माहिती 1997 मध्ये छापली, तेव्हा जगाला कळलं की बाकीचे हंपबॅक दरवर्षी थंड समुद्राकडे हजारो किलोमीटर जातात, आणि हे मात्र बारा महिने अरबी समुद्रातच राहतात. इथलेच तारलीसारखे मासे खातात आणि इथेच वितात. पुढे जनुकांच्या अभ्यासातून दिसलं की हा कळप सुमारे सत्तर हजार वर्षं इतरांपासून वेगळा पडलेला आहे. आज ओमानच्या बाजूला त्यातले शंभरही उरले नसावेत, असा अंदाज आहे. 2017 मध्ये तिथे ट्रान्समीटर लावलेली ‘लुबान’ नावाची मादी समुद्र ओलांडून थेट भारताच्या दक्षिण टोकापर्यंत येऊन गेली. म्हणजे हे देवमासे जितके ओमानचे तितकेच आपलेही आहेत. तीस वर्षं माहिती कपाटात होती, तेवढी वर्षं त्यांचा वेगळा विचार करायला कुणाकडे आधारच नव्हता.

आपल्याकडे कुणी कपट केलेलं नाही. आपल्याकडे घाई असते. मेलेला देवमासा किनाऱ्याला लागला की वास सुटतो, गर्दी होते, ग्रामपंचायतीचे फोन सुरू होतात, जेसीबी येतो, खड्डा खणला जातो. चरबीच्या जाड थरामुळे आतलं शरीर गरम राहतं आणि झपाट्याने कुजतं, तेव्हा ही घाई समजण्यासारखी आहे. पण खड्ड्यात काय काय जातं ते पाहा. डॉल्फिनचा दात कापला की झाडाच्या खोडासारखे थर दिसतात आणि वय कळतं. मोठ्या देवमाशांचं वय कानातल्या मळाच्या गुठळीवरून काढतात. पोटात प्लास्टिक आहे की मासळी, मादी गाभण होती का, फुप्फुसांची अवस्था काय, हे सगळं पहिल्या दिवशी कळू शकतं; पुढे फक्त हाडं बोलतात. रत्नागिरीच्या झाडगावातल्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रात देवमाशाचा प्रचंड सांगाडा आहे, तो पोरं तोंड उघडं ठेवून बघतात. पण तो सांगाडा लांबी सांगतो, मरणाचं कारण सांगत नाही. प्राणी किनाऱ्याला लागला तर काय करायचं, याच्या मार्गदर्शक सूचना केंद्र सरकारने जानेवारी 2021 मध्येच काढल्या आहेत. नवा नियम मी मागत नाही.

तुमची एक योजना मला मनापासून आवडते. डिसेंबर 2018 पासून, जाळ्यात अडकलेला संरक्षित प्राणी जाळं कापून सोडला तर मच्छीमाराला 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. डॉल्फिनबद्दल कोळी-गाबित समाजाला आपुलकी असते, पण तोच डॉल्फिन जाळ्यात तोंड घालून मासे ओढतो आणि जाळं फाडतो, तेव्हा त्या आपुलकीचा कस लागतो. नुकसान एकट्या मच्छीमाराच्या माथी मारायचं नाही, हे सरकारला सुचलं, ही मोठी गोष्ट झाली. या भरपाईसाठी मच्छीमार फोटो, व्हिडिओ पाठवतो. इथे माझा जीव अडकतो. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात राहणारे आपले हंपबॅक डॉल्फिन पाठीवरच्या पराच्या खाचांवरून एकेकटे ओळखता येतात; संशोधक तसंच करतात. मग भरपाईच्या फायलीतला स्पष्ट फोटो हा त्या प्राण्याच्या ओळखपत्रासारखाच झाला. कुठे, कधी, कसल्या जाळ्यात सापडला, हेही सोबत आलंच. पैसे अदा झाल्यावर ती फाइल बांधून ठेवणं म्हणजे उधळपट्टी आहे.

अभ्यास करणारे लोक आहेत, आणि जिद्दीचे आहेत. 2015 मध्ये कोकण सिटेशियन रिसर्च टीमच्या तरुण संशोधकांनी सिंधुदुर्गासमोर निळे देवमासे पाहिले, पिल्लासह. त्याच वर्षी जूनमध्ये रेवदंड्याला एक निळा देवमासा किनाऱ्याला लागून मेला. जिवंत नोंद आणि मेलेली नोंद शेजारी ठेवल्याशिवाय या जनावरांचं काय चाललंय ते उमगणार नाही.

आणि हो, आमच्याकडच्या सहली. मराठवाड्यातून गाड्या भरभरून मालवण, तारकर्ली, दापोलीला जातात. ‘डॉल्फिन दाखवू’ म्हणून बोट निघते, लांबवर एक पर दिसला की नाखवा इंजिन वाढवतो, दुसरी बोट आडवी येते, मुलं किंचाळतात, आणि जो प्राणी आवाजावर जगतो तो बुडी मारून निघून जातो. प्रवासी म्हणून आम्हीही त्यात आलोच. बोटीने किती अंतर ठेवायचं हे धक्क्यावर मराठीत ठळक लिहिलेलं असेल, तर ‘अजून जवळ घ्या’ म्हणणाऱ्याला शेजारचाच गप्प करील.

पावसाळ्यात लाटांबरोबर मृत प्राणी किनाऱ्याला जास्त लागतात. येत्या जूनपासून अशा प्रत्येक प्राण्याची एक पानी नोंद मराठीत जाहीर करा: जात, लांबी, नर की मादी, ठिकाण, शवविच्छेदन झालं की नाही, झालं तर काय निघालं, आणि नाही झालं तर का नाही. कारण कळलं नसेल तर ‘कळलं नाही’ असंच लिहा. तेवढंही आम्हाला चालेल.

कळावे,
आपला,
पुंडलिकनगरचा एक रहिवासी