पाय धुणें

तुळजापुरास यात्रेकरू कल्लोळ तीर्थावर पाय धुऊन दर्शनास जातो. लग्नांत वधूपिता वराचे पाय धुतो. दुसऱ्याचे पाय धुणारा नेहमीं कमी मानाचा. कित्येक ॲनाबॅप्टिस्ट मंडळ्यांत मात्र प्रभुभोजनापूर्वीं थोर-धाकटे परस्परांचे पाय धुतात. १६३२ सालच्या डॉर्ड्रेख्ट येथील विश्वासांगीकारांत त्याचें स्वतंत्र कलम आहे. डहाणूकडील ब्रदरन मंडळीनें (ती १९७० सालीं चर्च ऑफ नॉर्थ इंडियांत मिळाली) हा विधि आपल्याकडे आणला.

घरून पाय घासून येणाऱ्यांचें आम्हांस हसूं येतें. पण खरी कसोटी निराळीच. ज्याच्या हातचें पाणी आपल्या आजोबांनीं घेतलें नसतें, त्याच्या हातीं आपला पाय द्यावयाचा, आणि मग त्याचा पाय आपण पुसावयाचा! पेत्रही प्रथम नाहींच म्हणाला होता. यासाठीं शेजारीं कोण बसेल हें आधीं ठरवून येऊं नये, एवढेंच आमचें म्हणणें.