संक्रांत येते की आणली जाते?

‘कमी पटाच्या शाळांवर संक्रांत’, ‘रिक्त पदांवर संक्रांत’, ‘अवकाळी पावसाने हापूसवर संक्रांत’ अशा मथळ्यांची आपल्याला इतकी सवय झाली आहे, की या शब्दाचा मूळ अर्थ आपण जवळजवळ विसरलो आहोत. ‘सम्’ हा उपसर्ग आणि ‘क्रम्’ हा धातू यांपासून झालेल्या ‘संक्रांती’चा अर्थ केवळ ओलांडून जाणे. सूर्याचा एका राशीतून दुसऱ्या राशीत होणारा प्रवेश म्हणजे संक्रांत. अशा संक्रांती वर्षात बारा येतात. त्यांपैकी मकरसंक्रांतीला आपण तिळगूळ वाटतो. मग गोडव्याच्या या सणाचे नाव संकटाला कसे मिळाले?

पानिपतामुळे, असे पुष्कळदा सांगितले जाते. पानिपतचा संग्राम १४ जानेवारी १७६१ रोजी झाला, हे खरे. परंतु मकरसंक्रांत त्या काळी १४ तारखेस येत नसे. ही तारीख साधारणतः साठ-सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म मकरसंक्रांतीचा, आणि ती तारीख होती १२ जानेवारी १८६३. याच हिशेबाने १७६१ मधील संक्रांत संग्रामाच्या तीनएक दिवस आधीच होऊन गेली होती.

या अर्थाचे मूळ पंचांगातील संक्रांतिफलात असणे अधिक संभवनीय वाटते. तेथे संक्रांत ही देवता आहे. तिचे वाहन, वस्त्र, शस्त्र, भक्ष्य दरवर्षी सांगितले जाते. ती जे धारण करील ते महागेल वा नाश पावेल, असा समज आहे. अर्थशास्त्र शिकविणाऱ्याला भाववाढीची ही उपपत्ती मोठी सोयीची वाटावी. कारण तीत मागणी नाही, पुरवठा नाही आणि साठेबाजही नाही!

वास्तविक संक्रांत हा गणिताचा विषय आहे. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीजवळच्या मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी शिक्षकाचा पेशा सांभाळून ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ लिहिला. तो १८९६ साली प्रसिद्ध झाला. दीक्षित सायन गणनेचे पुरस्कर्ते होते. सूर्य प्रत्यक्षात २१-२२ डिसेंबरलाच उत्तरेकडे वळतो, मग पंचांगाने आकाशाशी प्रामाणिक का राहू नये, हा त्या पक्षाचा आग्रह. रूढीपेक्षा आकाश प्रमाण मानणारी ही दृष्टी आज शब्दांच्या बाबतीतही हवी आहे.

कारण सूर्याच्या संक्रमणाला कोणाची सही लागत नाही. शाळा बंद करण्याच्या आदेशाला लागते. पद आपोआप रद्द होत नाही. कोणीतरी टिप्पणी लिहितो, कोणीतरी ती मंजूर करतो. पाऊस निसर्गाचा, हे मान्य. परंतु मोहोर झडल्यावर बागायतदाराला भरपाई किती आणि केव्हा मिळावी, हे माणसेच ठरवितात. ‘संक्रांत आली’ असे आपण म्हणतो, तेव्हा वाक्यातून कर्ता नाहीसा होतो. निर्णय घेणारा सुटतो आणि सोसणारा दैवाला बोल लावीत बसतो.

हा शब्द भाषेतून हद्दपार करावा, असे कोणी म्हणणार नाही. मात्र यापुढे तो मथळ्यात दिसला, की वाचकाने एवढे अवश्य विचारावे : ही संक्रांत आली, की कोणी आणली?