काढ्याचे पातेले आणि दवाखान्याची पायरी



पावसाळा ओसरला की आमच्या वस्तीत घराघरातून खोकल्याचा आवाज येऊ लागतो आणि त्यामागोमाग काढ्याचे पातेले चढते. आमच्याही घरी चढते. तेव्हा आज जे लिहीत आहोत ते काढ्याच्या विरोधात आहे, असे कोणी समजू नये.

2021 च्या फेब्रुवारीत रिसोड तालुक्यातील देगावच्या निवासी शाळेत 229 विद्यार्थ्यांना कोरोना झाल्याचे आढळले, तेव्हा सारा वाशिम जिल्हा हादरला होता. पुढे एप्रिलमध्ये आमच्या शेजारच्या एका मावशींना ताप आला. मावशी शेतमजुरी करणाऱ्या. तपासणी केली तर घरावर पाटी लागेल, मुलाचे काम बुडेल, या धास्तीने त्यांनी कोणाला सांगितले नाही. तुळस, सुंठ, मिरे, दालचिनी, गूळ घालून सात दिवस काढा घेतला. आठव्या दिवशी बोलताना धाप लागू लागली. आशाताईंनी बोटाला यंत्र लावले, तर आकडा 84! निरोगी माणसाचा तो 95 च्या वर असतो. ऑटोत घालून आम्ही त्यांना सरकारी दवाखान्यात नेले. ऑक्सिजन लागला, तेरा दिवसांनी मावशी घरी आल्या. आजही त्या सांगतात, "काढ्यानंच वाचले बाप्पा!" आम्ही वाद घालत नाही.

परंतु वाचकांना खरे सांगणे अगत्याचे आहे. काढ्याने विषाणू मरतो, असे सिद्ध झालेले नाही. गरम पाण्याने घसा शेकतो, अंगात पाणी जाते, बरे वाटते. हेही थोडके नाही. 2020 साली आयुष मंत्रालयाने काढा सुचविला तोही प्रतिकारशक्तीसाठी, कोरोनावरचे औषध म्हणून नव्हे. ऑक्सिजनवर असलेल्या रोग्यांचे प्राण वाचविणारे म्हणून 2020 मध्ये जे सिद्ध झाले ते डेक्सामेथासोन, आणि तेही जुने, स्वस्त औषध.

वनस्पतींना आम्ही कमी लेखत नाही. महावग्गात हळद, आले, पिंपळी, मिरे यांची आजारी भिक्खूंना मुभा आहे. आपल्या बांधावरच्या अडुळशात व्हॅसिसीन नावाचे द्रव्य असते. त्याच्यावरूनच कफ पातळ करणारे ब्रोमहेक्सिन तयार झाले. हळद तर आपल्या जिल्ह्यात शेतात पिकते. मात्र तिच्यातील करक्युमिन अंगात फार थोडे शोषले जाते, मिऱ्यासोबत घेतल्यास जरा अधिक. म्हणून हळदीचे दूध अवश्य प्यावे, त्याच्या भरवशावर ताप मात्र अंगावर काढू नये.

गुळवेलीचे काय? कोरोनाच्या काळात लोक वेल तोडून आणून रोज उकळून पीत होते. मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने ते अमान्य करून सारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीकडे बोट दाखविले. पुढच्या वर्षी देशातील 13 केंद्रांतून अशा 43 रुग्णांची नोंद पुढे आली. आता वेल कोणती ते आपण बांधावर कसे ओळखणार? ज्यांना कावीळ होऊन गेली, थायरॉइड किंवा संधिवाताचे दुखणे आहे, त्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये. साखरेची गोळी चालू असणाऱ्यांनी कोणतेही चूर्ण घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, आणि घेत असल्यास लपवू नये. डॉक्टर रागावतील म्हणून लपविणारे पुष्कळ आहेत.

आम्ही पडलो कारकून, हिशोब सुटत नाही. घरची तुळस-सुंठ जवळजवळ फुकट. बाजारातील रसाची बाटली म्हणजे एका बाईची दिवसभराची मजुरी. त्या पैशात मुलांना अंडी येतात.

भगिनींनो, वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवू नका, त्यातून घातक विषबाधा होऊ शकते. वाफेचे भांडे मुलांच्या हाताशी ठेवू नका. ताप तीन दिवसांत उतरला नाही, धाप लागली, ओठ निळसर दिसले, बाळ दूध पिईना, तर काढा उकळण्याची वाट पाहू नका.

ते बोटाला लावायचे यंत्र वस्तीने वर्गणी काढून घेतले आहे. ते आमच्या घरी असते. परवाच नवे सेल टाकले आहेत. रात्री-अपरात्री दार वाजविले तरी चालेल.