घरात परवान्याची बंदूक आहे? कुटुंबाने हे जाणून घ्या

१ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या परवानाधारक रिव्हॉल्व्हरमधून चुकून गोळी सुटली आणि त्यांच्या पायाला लागली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बीड जिल्ह्यात सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. त्यानंतर तिथल्या शस्त्र परवान्यांची चर्चा राज्यभर झाली आणि अनेक परवाने रद्दही झाले. जिवाला धोका असणाऱ्याने शस्त्र का बाळगू नये, असे काही जण विचारतात. परवाने मुळात इतके द्यावेतच का, असे इतरांचे म्हणणे असते.

कोल्हापुरात हा प्रश्न लांबचा नाही. राधानगरी, आजरा, चंदगड या जंगलालगतच्या तालुक्यांत शेतकऱ्याला वन्यप्राण्यांपासून पीक राखायचे असते. काही घरांत आजोबांच्या काळची बंदूकही असते.

कायदा काय सांगतो?

अमेरिकेत शस्त्र बाळगणे हा घटनात्मक हक्क आहे. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार ती सरकारने दिलेली परवानगी आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात. लग्न-मिरवणुकीत निष्काळजीपणे हवेत गोळीबार केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परवान्याच्या अर्जासोबत शारीरिक आणि मानसिक आरोग्याचा वैद्यकीय दाखलाही लागतो.

दाखल्याची मर्यादा

डॉक्टर त्या दिवशी समोर बसलेल्या माणसाला तपासतात. परवाना मात्र पाच वर्षे चालतो. या काळात कर्ज वाढते, दारू लागते, नैराश्य येते, उतारवयात विस्मरण सुरू होते. हे बदल आधी घरच्यांना दिसतात.

बंदुकीचा धोका म्हटले की आपल्याला चोर किंवा गुंड आठवतो. पण अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. टोकाचा विचार बऱ्याचदा काही वेळाने ओसरतो. त्या वेळी घातक साधन हाताशी नसेल, तर जीव वाचू शकतो. श्रीलंकेत अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी आल्यावर आत्महत्या बऱ्याच कमी झाल्या. बंदुकीलाही हेच लागू पडते.

घरी काय कराल?

- बंदूक रिकामी करून कुलपात ठेवा. गोळ्या वेगळ्या कुलपात ठेवा आणि किल्ली मुलांना सापडू देऊ नका.
- घरात कुणी निराश असेल, व्यसन वाढले असेल किंवा स्मृतिभ्रंश असेल, तर शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करण्याबद्दल विचारा. निवडणुकीच्या काळात अनेक जण ते जमा करतातच, त्यात कमीपणा नाही.
- 'जगण्यात अर्थ नाही' असे कुणी बोलले, तर थेट आणि प्रेमाने विचारा. १४४१६ या 'टेलिमानस' क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

गोळी लागलीच तर

आधी बंदूक दूर झाल्याची खात्री करा. १०८ ला फोन करा. स्वच्छ कापडाने जखम घट्ट दाबून धरा. गोळी काढायचा प्रयत्न करू नका, पाणी किंवा जेवण देऊ नका. पोलिसांत नोंद होते म्हणून उशीर करू नका. आधी उपचार, मग कागदपत्रे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केले आहे.

परवाने किती द्यावेत, हे सरकार ठरवेल. आपल्या कपाटाचे कुलूप मात्र आजच तपासा.