क्रमवारी लावा, पण कारणांसकट

स्मोगॉन प्रीमियर लीग ही पोकेमॉन लढतींची सांघिक स्पर्धा. आयपीएलसारखाच इथेही लिलाव होतो. तो संपला की जाणकार संघांची क्रमवारी लावतात आणि बहुतेकदा भारी बोलीच्या नावांना भुलतात. हे मला पटत नाही. १९९६ सालच्या पहिल्या खेळाच्या नियमांपासून ताज्या पिढीपर्यंतच्या लढती एकाच संघाला लढाव्या लागतात, आणि महागड्या खेळाडूचा विजयही एकाच गुणाचा. जुन्या पिढीत मुरलेला, स्वस्तात मिळालेला खेळाडू तेवढंच देऊन जातो. म्हणून क्रमवारी जागेगणिक, म्हणजे कुठल्या पिढीच्या लढतीला कोण उतरणार हे पाहून, तोलून लावावी.

सगळा नशिबाचा खेळ, मग अंदाज कशाला, असं कुणी म्हणेल. ‘स्टोन एज’ हा हल्ला शंभरात सरासरी वीसदा चुकतो आणि एका चुकीने हातची लढत जाते, हे खरंच. पण आठवडेच्या आठवडे चालणाऱ्या साखळीत नशीब बरंचसं वाटलं जातं, कच्ची जागा मात्र दर आठवड्याला नडते. तळाच्या संघाचं मन खचतं, हा आक्षेप अधिक गंभीर. त्यावर उपाय आहे: नुसता आकडा न देता कुठली जागा का कच्ची ते लिहावं. राखीव खेळाडू कधी उतरवायचा, हे व्यवस्थापकाला त्यातूनच कळेल.