ताट आणि तंबोरा

गेल्या महिन्यांत करमाळ्याच्या एका परिचित कुटुंबाकडून आमच्याकडे एक प्रश्न आला. त्या घरांतील नात सात-आठ वर्षें गाणें शिकत असून अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद परीक्षा उत्तीर्ण झाली आहे. नगर-टेंभुर्णी रस्त्यावरील एका भोजनगृहाचे मालक ओळीनें सात दिवस सायंकाळीं गाण्याबजावण्याचा कार्यक्रम ठेवणार आहेत, आणि त्यांतील दोन दिवस या मुलीनें गावें अशी त्यांची इच्छा आहे. आजोबांचें म्हणणें, "जेथें लोक रस्सा ओरपतात तेथें यमन आळवावयाचा नाहीं." आजीबाई विचारतात, "आपल्या पंगतींत श्लोक म्हणत होते, तेव्हां कोणाचें काय बिघडलें?" मुलगी स्वतः कांहीं बोलत नाहीं, तिला जाण्याची इच्छा आहे हें तिच्या न बोलण्यावरूनच कळतें.

आजोबांचा पक्ष निराधार नाहीं. भोजनसमयीं मौन पाळावें असेंच धर्मशास्त्रकारांनीं सांगितलें आहे. परंतु आचार शास्त्राच्या पाठोपाठ निमूटपणें चालतो असें थोडेंच आहे? पुष्टिमार्गी हवेल्यांत ठाकुरजींना राजभोग दाखवितात तेव्हां समोर कीर्तनकार त्या प्रहराच्या रागांत पदें गातात. देवाला जर जेवतांना गाणें चालतें तर माणसानें किती सोवळें पाळावें? युरोपांतहि ही चाल जुनी. टेलेमन नामक जर्मन संगीतकारानें १७३३ मध्यें मेजवानीच्या वेळीं वाजविण्याच्या रचनांचा एक मोठा संग्रहच छापून काढला आणि त्याचें नांव 'टाफेलमुसीक', म्हणजे ताटावरचें संगीत, असें ठेवलें. सुमारें दोनशें वर्षांनंतर पॅरिसमध्यें एरिक साती या गृहस्थानें याच्याहि पुढचें पाऊल टाकलें. खोलींतील खुर्च्या-मेजांप्रमाणें जें नुसतें असावें, कोणीं ऐकूं नये, असें संगीत त्यानें रचलें. आणि १९२० मध्यें तें वाजूं लागतांच श्रोते सवयीनें गप्प बसले, तेव्हां हा गृहस्थ 'बोला, हिंडा, ऐकूं नका' म्हणून त्यांच्यामधून विनवीत फिरला! आमच्या भोजनगृहांत त्याला एवढे श्रम पडले नसते.

आतां आजीबाईंची पंगत घेऊं. ज्यांनीं ती पाहिली आहे त्यांस आठवत असेल. पहिला भात होऊन जिलबीचें ताट फिरूं लागलें कीं कोणी तरी खडा आवाज लावून श्लोक म्हणे, आणि शेवटचा चरण संपतांच सारी पंगत 'हर हर महादेव' म्हणून गर्जे. मग समोरच्या ओळीची पाळी. गोड गळ्याच्या मुलाला यजमान आग्रहानें दोन जिलब्या अधिक वाढीत. मध्येंच अडखळणाऱ्याला मात्र मामा-मावसे कित्येक वर्षें सोडीत नसत. हें सारें खरें. तथापि आजीबाईंच्या दाखल्यांत एक गोष्ट निसटली आहे. पंगतींत म्हणणारा व जेवणारा एकच होता. त्याचें पान त्याच ओळींत, त्याच पाटावर, त्याच्या काकांच्या शेजारीं मांडलेलें होतें. भोजनगृहांत जेवणारा गात नाहीं आणि गाणारा जेवत नाहीं. एकानें पैसे दिले आहेत, दुसऱ्यानें घेतले आहेत, आणि वाढपी दोघांच्या मधून धांवतो आहे. आजोबांना जें खुपतें तें रस्सा नव्हे. हें अंतर आहे, असें आम्हांस वाटतें.

आणि हें अंतर आपल्या इकडच्या गवयांना नवें नाहीं. विष्णु दिगंबर पलुस्करांची मिरजेची हकीकत पुष्कळांना ठाऊक असेल. मिरजेच्या एका समारंभास त्यांना निमंत्रण होतें, पण त्यांचे गुरु बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांना नव्हतें. गवयाला कसलें निमंत्रण, असा त्या काळचा हिशेब. तो सल मनांत ठेवून पलुस्करांनीं १८९६ मध्यें मिरज सोडली. पुढें सौराष्ट्रांत त्यांनीं तिकीट लावून उघड जलसा केला, आणि ५ मे १९०१ रोजीं लाहोर येथें गांधर्व महाविद्यालय स्थापिलें, तें कोणा संस्थानिकाच्या खजिन्यावर नव्हे, लोकांच्या देणग्यांवर. म्हणजे ज्या मंडळाची विशारद पदवी आपल्या करमाळ्याच्या नातीनें मिळविली, त्याच्या मुळाशीं 'गवयानें कोठें बसावें' हाच प्रश्न आहे. पैसे घेऊन गाणें हें पलुस्करांना कमीपणाचें वाटलें नाहीं. उपकार म्हणून बोलावून घेणें वाटलें. आजोबांनीं एवढें जरूर ध्यानांत घ्यावें.

उपाहारगृहांतून चांगलें संगीत निघतच नाहीं हेंहि म्हणतां येत नाहीं. मुंबईचें ताजमहाल हॉटेल १९०३ मध्यें उघडलें; १९३५ च्या सुमारास तेथें लिऑन ॲबी हा अमेरिकेंतील कृष्णवर्णी वादक आपला जॅझचा ताफा घेऊन आला. त्याच्या मागोमाग गोमंतकीय वादक पुढें सरसावले, कारण पोर्तुगीज अमदानींतील गोव्यांत चर्चच्या शाळांतून मुलांना व्हायोलिन व स्वरलिपि शिकवीत असत. त्यांपैकीं आंतोनियो झेवियर वाझ, लोकांनीं ठेवलेलें नांव 'चिक चॉकलेट', ताजमध्यें तुतारी वाजवी आणि दिवसां चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणास जाई. सी. रामचंद्र यांस त्यानें साहाय्य केलें, आणि १९५१ च्या 'अलबेला'मध्यें त्याचा ताफा पडद्यावर दिसतोहि. आमचे चितळकर मूळचे शेजारच्या नगर जिल्ह्यांतील पुणतांब्याचे! ज्या चालींवर अवघा महाराष्ट्र डोलला त्यांत जेवणाच्या मेजाशेजारीं घासलेल्या तुतारीचा अंश आहे.

मग घरच्या मंडळींना धास्ती कसली? ती स्पष्टच बोलून टाकूं. 'हॉटेलांतील ऑर्केस्ट्रा' हा शब्द आपल्या प्रांतांत बदनाम झाला आहे. २००५ मध्यें सरकारनें नृत्याचे बार बंद केले, खटले चालले, २०१६ चा नवा कायदा झाला, आणि २०१९ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानें त्यांतील पुष्कळ अटी काढून टाकल्या. नोटा उधळण्याची बंदी मात्र कायम ठेवली. त्या शेवटच्या कलमाबद्दल आम्हांस समाधान वाटतें. करमाळ्याचें हें भोजनगृह कुटुंबवत्सल लोकांचें आहे, तेथें तसला प्रकार नाहीं; तरीपण 'फर्माईश' म्हणून कागदाच्या चिठ्ठींत नोट गुंडाळून व्यासपीठाकडे धाडणारा एखादा महाभाग कोठेंहि निघतो.

सात दिवसांच्या संगीताचा नमुना तर आपल्या तालुक्यांत गांवोगांव आहे. हरिनाम सप्ताहांत वीणा सात दिवस खालीं ठेवीत नाहींत. एकाच्या गळ्यांतून दुसऱ्याच्या गळ्यांत जाते. रोज रात्रीं कीर्तन, शेवटीं काल्याचें कीर्तन, आणि मग महाप्रसाद. अन्न आहे, भरपूर आहे, परंतु त्याची वेळ वेगळी आहे. कीर्तनकार बोवा बोलत असतां मागून आमटीचा वाढा खणखणत नाहीं. भोजनगृहाच्या मालकांस हीच एक गोष्ट उचलतां येईल. आठ ते पावणेनऊ गाणें, आणि तेवढा वेळ वाढप बंद. ज्यांना घाई आहे त्यांनीं आंतल्या दालनांत बसावें. पंचेचाळीस मिनिटांनीं कोणी उपाशीं मरत नाहीं.

तेव्हां आमचें मत, मुलीनें जावें. मात्र आधीं कांहीं ठरवून घ्यावें. मानधनाचा आंकडा व तबलजी-पेटीवाल्याचा वेगळा आंकडा लेखी असावा, कारण साथीदाराची बिदागी गायकाच्या पाकिटांतून कापण्याची रीत फार वाईट आहे. बैठक मुदपाकखान्याच्या दारासमोर नको. वाफेनें तंबोऱ्याच्या तारा उतरतात आणि फोडणीनें गळा. ध्वनिक्षेपक रात्रीं दहाच्या आंत बंद झालाच पाहिजे, तो २००० सालचा नियमच आहे. फर्माईश सांगावयाची ती तोंडीं, मालकांमार्फत.

गावें काय? बडा ख्याल तेथें नेऊं नये. त्याला लागणारी शांतता सात दिवसांत तयार होत नाहीं. एखादी छोटी बंदिश, अभंग, नाट्यपदें. चित्रपटगीतें गावयाचीं तर हक्कांच्या संस्थेचा परवाना मालकांनीं काढावा लागतो. लग्नकार्यांत व धर्मकृत्यांत जी सवलत आहे ती भोजनगृहास नाहीं. जुन्या पदांची ती कटकट नाहीं. कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनीं हक्क संपतो. 'मानापमान' १९११ चें. पदें खाडिलकरांचीं, चाली गोविंदराव टेंब्यांच्या. खाडिलकर १९४८ मध्यें निवर्तले, टेंबे १९५५ मध्यें. तुकोबांविषयीं तर विचारावयासच नको.

एक अट आम्ही आजोबांच्या वतीनें शेवटीं घालतों, आणि आजीबाईंनींहि तिला मान डोलवावी. गायकाला पोटभर जेवून गातां येत नाहीं. मुलगी उपाशींच बसणार. कार्यक्रम संपल्यावर तिला डबा बांधून मागच्या दारानें वाटेस लावूं नये. तिचें व साथीदारांचें पान पाहुण्यांच्या ओळींतच मांडावें, आणि पहिला भात मालकांनीं स्वतःच्या हातानें वाढावा.