सर्टिफिकेट भिंतीवर, हात भलत्याचे

"मॅडम, तुम्ही यायची गरज नाही. फक्त सर्टिफिकेट आमच्या भिंतीवर लागू द्या." दौंड भागातल्या एका दवाखान्यातून मला आलेला हा फोन. दर महिन्याला ठरलेले पैसे खात्यावर येणार होते आणि मशीन तिथला वॉर्डबॉय चालवणार होता. मी नाही म्हटलं, तर पलीकडचा म्हणाला, "बरं, दुसरं कुणीतरी देईल." दिलंही असेल. पदवी भाड्याने देणारे आमच्यातलेच आहेत, आणि मला सगळ्यात जास्त चीड त्यांची येते.

मी शिरूरमध्ये फिजिओथेरपी करते. रांजणगाव एमआयडीसीतल्या कामगारांच्या कमरा, ऊसतोड मजुरांचे खांदे, न्हावऱ्याकडच्या म्हाताऱ्यांचे गुडघे रोज माझ्यासमोर येतात. आमच्या भागातल्या पाट्या एकदा नीट वाचा. 'मणक्यातला गॅप भरून मिळेल.' 'दबलेली नस मोकळी करू.' नावाआधी 'डॉ.' ठळक असतं, नोंदणी क्रमांक मात्र शोधूनही सापडत नाही.

अशाच एका पाटीखाली जाऊन आलेल्या तरुणाला त्याच्या भावाने पाठुंगळी घेऊन माझ्याकडे आणलं. कमरेतून पायात कळ जायची, एवढंच आधी त्याचं दुखणं. तिथे त्याला पालथं पाडून, पाठीवर गुडघा रोवून दोन झटके दिले होते. मी म्हटलं, पायाचा अंगठा वर उचल. तो अंगठ्याकडे बघत राहिला, अंगठा हलला नाही. लघवी झाली का विचारलं. "कालपासून नाही, मॅडम." बसायच्या जागेला बधिरपणा आला होता. मी कसलाही उपचार केला नाही, तासाभरात त्याला पुण्याच्या वाटेला लावलं. कमरेच्या तळाशी नसांचा जुडगा दाबला गेला, की ऑपरेशनला उशीर झालेला प्रत्येक तास रुग्णाच्या अंगावर येतो. त्याचं ऑपरेशन झालं, लघवीवर ताबा आला, पण पाऊल अजून फरफटतं. उभं राहून करायचं कंपनीतलं काम गेलं ते गेलंच. कुठल्या दुखण्याला हात लावायचा नाही, हे कळायला आम्ही साडेचार वर्षं शिकलो. सहा महिन्यांच्या कोर्सवाल्याला ते कोण शिकवणार?

कायदा नाही असं कुणी सांगू नये. महाराष्ट्रात फिजिओथेरपीसाठी २००२ चा कायदा आहे, राज्य परिषद आहे. २०२१ च्या राष्ट्रीय कायद्यात फिजिओथेरपिस्ट येतात आणि आरोग्यसेवा व्यावसायिकाच्या पदवीला किमान ३,६०० तासांचं शिक्षण लागतं. त्याखालच्या परिषदा राज्यांनी सहा महिन्यांत नेमायच्या होत्या. राज्यं ढिम्म राहिली, म्हणून ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा मुदत घालून द्यावी लागली.

आणि आमची मंडळी भांडतात कशावर? ९ सप्टेंबर २०२५ ला केंद्रीय आरोग्यसेवा महासंचालनालयाने पत्र काढलं, की फिजिओथेरपिस्टनी नावाआधी 'डॉ.' लावू नये. दुसऱ्याच दिवशी ते मागेही घेतलं. पण आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तेच दळण कितीतरी दिवस चाललं. मी तिथे भाड्याच्या सर्टिफिकेटांचा विषय काढला, तर एकानेही उत्तर दिलं नाही. 'डॉ.' हवं की नको हे ठरत राहील, मला त्याची घाई नाही. पाटीवर नोंदणी क्रमांक हवा, आणि तो आजपासून हवा.

बोगस डॉक्टर शोध समिती तालुक्याला असते. तिची नजर इंजेक्शनवर आणि सलाइनच्या बाटलीवर. मणक्याला झटके देणाऱ्याकडे बाटली नसते, म्हणून तो सुटतो. समितीने शिरूर-दौंडमधल्या प्रत्येक थेरपी सेंटरमध्ये आणि ट्रॅक्शनचं टेबल असलेल्या प्रत्येक दवाखान्यात जावं, तेही न कळवता, पेशंट आत असताना. भिंतीवरचं सर्टिफिकेट खाली उतरवावं, त्यावरचं नाव मोठ्याने वाचावं आणि त्या नावाच्या माणसाला पुढे यायला सांगावं.